गिटारवाल्याची खुर्ची

"थांबा. आधी ऐकू द्या."

एवढं म्हणून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताची तर्जनी वर करायचे. समोर बिघडलेली मोटर असो, भांडत आलेले दोन शेजारी असोत की नळाला पाणी का आलं नाही ते सांगणारा नगरसेवकाचा माणूस असो, तर्जनी वर गेली की बोलणाऱ्याचं तोंड आपोआप बंद व्हायचं. मग ते सावकाश डोळे उघडायचे आणि एकच वाक्य बोलायचे. ते वाक्य बहुतेक वेळा बरोबर असायचं, ही खरी पंचाईत. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. त्याच्यासमोर आपण खोटं बोलायला जातो आणि आपला आवाज आपल्यालाच पातळ वाटायला लागतो.

कारखान्यात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणायचो.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मी स्टोअरला होतो. माझी ख्याती अशी की, मागितलेली वस्तू सोडून बाकी सगळं माझ्याकडे सापडतं. आमची पहिली भेट माझ्या चुकीवरूनच झाली, आणि पुढच्या बहुतेक भेटींचंही कारण तेच राहिलं. मी दिलेलं बेअरिंग एका मोटरमध्ये बसवलं होतं. मिस्त्रींनी हातभर लांबीच्या पेचकसाचं टोक मोटरला टेकवलं, मूठ कानाला लावली, तर्जनी वर केली. मग मला बोलावणं आलं.

"भाऊ, ह्यात दुसऱ्या घरचा पाहुणा बसवलाय तुम्ही."

"अहो, बॉक्सवर तोच नंबर आहे," मी बॉक्स नाचवत म्हणालो.

"बॉक्स फिरत नाय भाऊ. बेअरिंग फिरतं."

उघडून पाहिलं तर आत खरोखरच भलतं बेअरिंग. एक रिकामा बॉक्स दिसला म्हणून मीच ते त्यात नीट झोपवून ठेवलं होतं. टापटिपीची हौस, दुसरं काय!

दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. एकदा भर पाळीत त्यांनी पत्रा दाबून कापणारा एक प्रेस बंद करायला लावला. मॅनेजर धावत आले. माल जायचा होता, गाडी दारात उभी होती. मिस्त्री म्हणाले, "आतून येगळा आवाज यायलाय साहेब." मॅनेजरांनी कान दिला. त्यांना काही वेगळं वाटलं नाही. मलाही नाही, पण मला तर घरी बायकोचंही नीट ऐकू येत नाही. मॅनेजर म्हणाले, "चालू करा."

"करतो की. पन प्रेसवरच्या त्या गड्याच्या जागी तुम्ही हुबं ऱ्हावा."

प्रेस उघडला. क्लचच्या एका भागाला केसाएवढी चीर गेलेली. पुढच्या तासाभरात कुणाचा तरी पंजा आत असताना तो प्रेस आपण होऊन खाली आला असता. मिस्त्री तोवर डबा उघडून बसले होते. मी कौतुक करायला गेलो, तर म्हणाले, "चुकीचं बोललो आसतो तर एक दिवस वाया गेला आसता. नसतो बोललो तर बोटं. मला भ्या वाटतं ते ह्याचंच. कान हायेत तवर बोलायचं, न्हाईतर घरी बसायचं." आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला.

आता गिटारकडे येतो.

मिस्त्री कन्नडकडचे, धनगराच्या घरातले. तरुणपणी वडिलांनी त्यांना दोन मेंढरं देऊन शहरातल्या लष्करी छावणीच्या बाजारात पाठवलं. मेंढरं विकून घरावर घालायला पत्रे आणायचे होते. मेंढरं विकली गेली. पण पत्र्यांच्या दुकानाच्या वाटेवर एक भंगारवाला बसला होता. छावणीतल्या कुणा साहेबाच्या बंगल्यातलं सामान त्याच्याकडे आलं होतं, त्यात एक रेकॉर्ड प्लेअर. चालतो हे दाखवायला त्याने त्यावर एक रेकॉर्ड लावली. मिस्त्री उभे राहिले. भंगारवाला म्हणाला, "मशीन लेते तो ये तीन तवे मुफ्त. अंग्रेजी है, इधर कौन सुनता?"

तेव्हापासून त्या रेकॉर्डींचं नाव मिस्त्रींच्या घरी 'तवे'च पडलं.

तिन्ही तवे एकाच माणसाचे होते. परदेशातला जॅझ गिटार वाजवणारा, फार जुना, त्या लोकांत फार मोठा. हे मला खूप नंतर कळलं. मिस्त्रींना जॅझ हा शब्दही ठाऊक नव्हता आणि कव्हरावरचं इंग्रजी नाव वाचायच्या फंदात ते कधी पडले नाहीत. "आपला गिटारवाला" म्हणायचे. तव्यांची नावं कव्हरावरून: झाडाचा, टोपीचा आणि निळा.

पत्र्यांऐवजी ती तव्यांची पेटी घेऊन आलेल्या मुलाशी वडील तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी निळा तवा वाजत असताना म्हातारा उंबऱ्यात येऊन बसला. कळपातलं कुठलं मेंढरू लंगडतंय ते पाठमोरं बसून खुरांच्या आवाजावरून सांगणारा माणूस तो. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "बरा हाय गडी. पायाखाली बघून चालतोय." जॅझवर मी पुढे इंटरनेटवर लांबलचक लेख वाचले. त्यातला एकही एवढ्या थोडक्यात मुद्द्यावर आला नाही.

मी मुकुंदवाडीत त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहायला गेलो तेव्हा रविवारी सकाळी त्यांच्याकडे जाण्याचा नेम पडला. पाण्याची पाळी असेल तर आधी टाक्या भरायच्या, मग तवा. मध्ये जवळच्या स्टेशनात गाडी आली की पेटीखालची फळी थरथरायची. मिस्त्री सुई उचलून धरायचे. "तिला आधी जाऊ द्या." गाडी गेली की सुई बरोबर तिथेच.

निळ्या तव्यावरच्या तिसऱ्या गाण्यात एक जागा होती. गिटार एका सुरावर थांबते, आणि त्या शांततेत बारीकसा 'कर्र' असा आवाज येतो. मिस्त्री त्याच्या आधी तर्जनी वर करायचे. कर्र! लगेच म्हणायचे, "खुर्चीत हालला बगा. बसून बसून पाठ दुखत आसंल बिचाऱ्याची."

आतून वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, ओरडायच्या, "चाळीस वर्सं झाली, त्याला कुनीतरी एक धड खुर्ची द्या!"

आम्ही दोघं निवृत्त झालो. मिस्त्रींचं काम सुटलं नाही. चिकलठाणा, शेंद्रा, जिथे जिथे लहान वर्कशॉपवाले होते ते त्यांना मशीन 'ऐकायला' नेत. मला मात्र कुणीही कुठेही नेईना. म्हणून मी छंद लावून घ्यायचं ठरवलं. रेकॉर्डींची फॅशन परत आली आहे असं वाचलं आणि बॅगेसारखा दिसणारा एक प्लेअर मागवला. प्लेअर आला, पण माझ्याकडे एकही रेकॉर्ड नव्हती. मग मिस्त्रींच्या मागे लागलो.

त्यांनी तवा कधी कुणाला दिला नव्हता. तरी मला दिला, आणि निळाच दिला. जुन्या धोतरात गुंडाळून दिला. "सावकाश ऐका भाऊ. घाई नाय."

घाई नव्हतीच. मी तवा गाडीत मागच्या काचेखाली ठेवला, कारण करमाडला एका लग्नाला जायचं होतं आणि तिथे चार लोकांना तो सहज दाखवायचा होता. मे महिना. दुपारचं बाराचं लग्न. मला दोनदा आग्रह झाला, तिसऱ्यांदा मी स्वतःच केला. चार वाजता गाडीशी आलो तर धोतरातून जे निघालं त्याला तबकडी म्हणणं कठीण होतं. पावसाळ्यात सर्द झालेला पापड तळल्यावर जसा कडेने वळतो, तसं काहीतरी.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी घरी येऊन तवा पाट्याखाली दाबला. पाट्यावर डाळीचा डबा, डब्यावर गॅसची टाकी. दोन दिवसांनी काढला, तर कडा तशाच. मग वर्तमानपत्र ठेवून इस्त्री फिरवली. पापड थोडा सपाट झाला आणि त्यावर शहरातल्या पाणीपुरवठ्याची बातमी उलट्या अक्षरांत उमटली.

बायको दारात उभी होती. "आता त्याला फोडणी द्या म्हणजे झालं," ती म्हणाली. मग आवाज बदलून, "जाऊन सांगा त्यांना."

मी गेलो नाही. मिस्त्री रस्त्यात भेटले की मीच आधी म्हणायचो, "काय अप्रतिम वाजवतो हो!" ते हसायचे. "ऐका, ऐका. घाई नाय."

तेवढ्यात मोबाइलवर एक बातमी दिसली. त्या गिटारवाल्याचे जुने गाजलेले अल्बम पुन्हा काढले होते. मूळ टेपवरून, आवाज स्वच्छ करून, तशाच काळ्या तबकड्यांवर, त्याच कव्हरांत. त्यात निळा होता. माझ्यासाठीच काढला असावा, असं मला वाटलं. मी तो मुंबईच्या एका दुकानातून मागवला.

आता माझी कारागिरी ऐका. नवी तबकडी जुन्या कव्हरात घातली. मधली चकती हुबेहूब तीच होती. तबकडी फारच चकाकत होती, म्हणून तिच्यावरून सोफ्याखालचं फडकं फिरवलं. आणि रविवारी सकाळी, धोतरात गुंडाळून, मिस्त्रींच्या हातात ठेवली.

त्यांनी तवा लावला. पहिलं गाणं झालं. दुसरं झालं. मी चहा पीत होतो. तिसरं लागलं. गिटार त्या सुरावर थांबली. मिस्त्रींची तर्जनी वर गेली.

काहीच झालं नाही. गिटार पुढे निघून गेली.

तर्जनी तशीच वर होती. त्यांनी सुई मागे घेतली. पुन्हा ती जागा आली, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी कान अगदी पेटीच्या जाळीला लावला. मग बोट खाली घेतलं, सुई उचलली, तवा कव्हरात घातला.

"झालं," ते म्हणाले.

माझ्या मनात आलं, सुटलो. खरंच सांगतो, घरी येताना मी शीळ घालत होतो.

पुढचे दोन रविवार वहिनींनी दारातूनच सांगितलं, "झोपलेत." तिसऱ्या आठवड्यात त्या स्वतः आमच्याकडे आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"भाऊ, यांना काय झालंय तुमाला काही बोलले का? काम सोडलं म्हनतेत. शेंद्र्याचा वर्कशॉपवाला दोनदा गाडी घेऊन आला, त्याला वापस लावलं. मशीनचा आवाज लई बदललाय म्हनत होता तो बिचारा. हे म्हनाले, माझ्या भरवशावर कुनाला हुबं करू नका, माझे कान गेले. मी म्हनलं डॉक्टरला दाखवू. तर म्हनतेत, मला कळलंय ना, डॉक्टर काय येगळं सांगनार?" त्यांनी पदर तोंडाला लावला. "परवा यांनी कन्नडला दिराला फोन केला. आता तिकडंच येऊन ऱ्हातो म्हनले. मेंढरामागं तरी बसंन."

"पण कान गेले हे त्यांना कळलं कसं?" मी विचारलं.

"ते गिटारवाल्याचं. खुर्ची ऐकू येत नाय म्हनले. चाळीस वर्सं ऐकली, आता येत नाय."

वहिनी गेल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिने कपाटावरून उशीच्या अभ्र्यात लपवलेला तो पापड काढला आणि माझ्या हातात दिला.

मिस्त्री ओट्यावर बसले होते. आत सुटकेस उघडी दिसत होती. मी अभ्रा त्यांच्या मांडीवर ठेवला. येताना रस्त्यात मी एक छान वाक्य जुळवलं होतं, ते ऐन वेळी गेलं.

"मिस्त्री, तुमचे कान चांगले आहेत," मी म्हणालो. "मी हरामखोर आहे."

त्यांनी अभ्र्यातून तबकडी काढली. कडेवरून बोट फिरवलं. पृष्ठभाग उन्हात धरला, आणि उलटी अक्षरं जुळवत बसले.

"इस्त्री?"

"हो."

"कितीवर?"

"कॉटनवर."

"कॉटनवर," ते स्वतःशीच म्हणाले. मी सगळं सांगितलं. करमाड, लग्न, गॅसची टाकी, मुंबईहून आलेली नवी तबकडी, सोफ्याखालचं फडकं. या वेळी तर्जनी वर गेली नाही. ते फक्त ऐकत होते. माझं बोलणं संपलं. स्टेशनात गाडी आली आणि गेली.

"तवा गेला त्याचं काय नाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "वस्तू हाय, जाते. पन भाऊ, अठरा दिस झाले, मला बहिरा केलं तुम्ही. मी रातच्याला उठून हिच्या श्वासाचा आवाज येतो का बगत होतो."

दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. मी मान खाली घालून बसलो, आणि उठून जावं की न जावं तेही कळेना.

"आन तो वर्कशॉपवाला," ते पुढे म्हणाले. "त्याचं मशीन अठरा दिस चालू हाय."

ते उठले. घरात जाऊन फोन लावला. "हां, मीच. ते मशीन बंद करा. आत्ता. व्हय, आत्ताच. दुपारी येतो." फोन ठेवला. मग पेटीकडे गेले.

"या आत."

नवा तवा लागला. तिसरं गाणं आलं. गिटार थांबली, खुर्ची करकरली नाही. मिस्त्रींच्या ओठांचा एक कोपरा हलला.

"म्हंजे आसं हाय. नव्या लोकांनी खुर्ची पुसून काढली, न्हाईतर ती खुर्ची त्याची नव्हतीच. आपल्याच तव्यातला दोष आसंल. आन मी चाळीस वर्सं दुसऱ्यांच्या मशीनींचे दोष काढत हिंडलो!"

मग ते हसले. आधी थोडं, मग खांदे हलेपर्यंत. वहिनींनी आतून विचारलं, "मिळाली का त्याला खुर्ची?"

"मिळाली. धड मिळाली. तुमच्या भावानं आणून दिली."

मी हसायच्या बेतात होतो, इतक्यात त्यांनी माझं मनगट धरलं. सुई मागे घेतली. "आता नीट ऐका. खुर्ची गेली त्या जागी दुसरंच हाय. पयल्या तव्यात कधी आलं नव्हतं. सूर संपला की... आत्ता. ऐकलं?"

"हो," मी म्हणालो.

"काय ऐकलं?"

"ते... आपलं... ते दुसरं."

मनगटावरची पकड तशीच होती. "भाऊ."

"नाही ऐकू आलं."

"मंग नाय म्हना. एवढंच आसतं. श्वास घेतला त्यानं. पुढचा सूर लावायच्या आधी. लई बारीक हाय, पन हाय."

आम्ही ती जागा सहा वेळा ऐकली. सहाही वेळा मी नाही म्हणालो, आणि सहाही वेळा त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

दुपारी त्यांच्याबरोबर वर्कशॉपवर मीही गेलो. मशीन उघडल्यावर काय निघालं ते मला यंत्रातलं कळत नसल्याने नीट सांगता येणार नाही. मालक मात्र ते बघून खाली स्टुलावर बसला आणि पाणी मागितलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुटकेस संध्याकाळी परत माळ्यावर गेली.

त्यानंतर ते आणखी चार वर्षं हिंडले. गेल्या थंडीत गेले, दोन दिवसांच्या तापात. शेवटपर्यंत कान शाबूत होते. डॉक्टर बाहेर हलक्या आवाजात काय सांगत होते, तेही त्यांनी पलंगावरून ऐकलं आणि दुरुस्त केलं. तापाचा दिवस डॉक्टर चुकीचा सांगत होते.

बाराव्यानंतर वहिनींनी निळा तवा माझ्याकडे पाठवला. मी नको म्हणालो, तर निरोप आला की गाडीत ठेवू नका म्हणजे झालं.

रविवारी सकाळी मी तो लावतो. चांगले हेडफोन घेतले आहेत. खिडक्या बंद करतो, पंखा बंद करतो, स्वतःचा श्वास धरतो. तिसरं गाणं येतं, सूर संपतो, पुढचा लागतो. मधे थोडी शांतता असते, बस्स.

"आलं का ऐकू?" बायको विचारते.

"नाही," मी म्हणतो, आणि सुई मागे घेतो.